ओव्हर घेणाऱ्याची सही

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज रुजू झालो. वेळ नऊची होती, मी नऊ वाजून चार मिनिटांनी पोचलो; ती चार मिनिटं एसटीची, माझी नव्हेत. येडशी मागं टाकली की महामार्गाच्या डाव्या हाताला संस्थेचं हे रुग्णालय लागतं. शंभर खाटांची पाटी, मागं नर्सिंगचं विद्यालय, त्यामागं मुलींचं वसतिगृह आणि कडेला कर्मचाऱ्यांची सहा खोल्यांची चाळ. मला चार नंबरची खोली मिळाली. खिडकीतून रामलिंगाकडचा डोंगर दिसतो, नळाला पाणी आहे, दाराची कडी मी आल्या आल्या तेल घालून सरळ केली. मन प्रसन्न आहे.

माझं पद रेकॉर्ड कीपर. संस्थेचे सचिव शिवराज सर यांनी बी.कॉम. झालेली तीन पोरं परत पाठवली आणि मला ठेवलं. मी दहावी नापास आहे हे मी त्यांना स्वतःच सांगितलं. इंग्रजी डिक्शनरी पाठ करून शिकलो, टायपिंग रद्दीच्या कागदांवर, आणि साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात एकोणीस वर्षं हजेरी ठेवली. कारखाना बंद पडला त्या दिवशीसुद्धा माझ्या टेबलावरचा कागद पुरा होता. सरांना तिथला एक तक्ता दाखवला. त्यांनी बोट फिरवून रकाने तपासले, एकही मोकळा सापडला नाही. रकाना मोकळा ठेवणं मला जमतच नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी. माझी मुलगी ज्ञानेश्वरी इथंच नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कर्मचाऱ्याची मुलगी म्हणून आता तिची फी निम्मी. संध्याकाळी ती आली. तिच्या आईनं, पार्वतम्मानं, गावाहून दिलेली शेंगाची चटणी आम्ही दोघांनी भाकरीबरोबर खाल्ली. पोर वाळलीय. म्हणाली, आप्पा, मला इथनं काढा. मी म्हणालो, हत्तरग्यांच्या घरात शिक्षण अर्धं सोडणारा एक झाला, तो मी. दुसरा होणार नाही. तिनं ताटं उचलली. शहाणी आहे.

ही वही बिनआखणीची घेतली आहे. रेघ लागली तर मीच मारतो. नोंदीखाली सही आणि वेळ, ही टाइम ऑफिसची सवय.

सो. बं. हत्तरगे, सायं. ७.१०

४ नोव्हेंबर, मंगळवार

बसायला वॉर्ड क्रमांक तीन मिळाला. सिस्टर नाहीत म्हणून हा वॉर्ड तीन वर्षं बंद आहे आणि सगळं जुनं दप्तर इथं आणून टाकलंय. कुलूप शिपाई सिदूनं उघडलं, साठीचा माणूस. किल्ली माझ्या हातात दिली आणि उंबऱ्याच्या आत पाय न टाकता परत फिरला. आत या म्हणालो तर म्हणे, गुडघं दुखतेत साहेब.

दहा-दहाच्या दोन ओळी, वीस लोखंडी खाटा, त्यांवर गठ्ठे. टोकाला सिस्टरचं टेबल आणि उंच स्टूल. तेच मी घेतलं. प्रत्येक खाटेच्या पायाशी पत्र्याची पाटी लटकलीय आणि तिच्या चिमट्यात ताप-नाडीचा शेवटचा तक्ता तसाच आहे. नोंद केल्याशिवाय कागद हलवायचा नाही हा माझा नियम, म्हणून ते जागेवरच ठेवले. आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येक खाटेच्या उजव्या दांडीचा रंग एकाच ठिकाणी उडालाय. सिदूला विचारलं. वॉर्डात बेल नव्हती; पेशंटला सिस्टर हवी असली की स्टीलचा गिलास दांडीवर वाजवायचा.

दुपारी दोनला विद्यालयाची एक मुलगी येऊन दारापाशी उभी राहिली. पांढरा गणवेश, केस घट्ट बांधलेले. एकदा टेबलाकडं बघायची, एकदा बाहेर व्हरांड्याकडं. कुणाची तरी वाट बघत असावी. मी कामात होतो. मान वर केली तेव्हा गेलेली.

सो. बं. हत्तरगे, सायं. ६.५५

६ नोव्हेंबर, गुरुवार

नर्सिंग कौन्सिलची तपासणी २० तारखेला आहे. त्यांना वर्षवार तक्ता द्यायचाय: किती मुली आल्या, किती पास झाल्या, किती मध्येच गेल्या, आणि सिस्टर किती. दोन दिवसांत आराखडा तयार केला. २०१७ साली साठ खाटांना चौतीस सिस्टर. आज शंभर खाटांना प्रत्यक्षात नऊ. पगार तेव्हा साडेआठ हजार, आज साडेनऊ. २०१७ च्या चाळीस मुलींतल्या तेहतीस पास झाल्या, २०१९ च्या अठ्ठावीस, २०२१ च्या एकवीस. आकडे उतरत्या पायऱ्यांसारखे दिसतात. अशी सुबक उतरण मी कारखान्यातच पाहिली होती, बंद पडायच्या आधी.

मेट्रन खैरुनबी सिस्टर तक्ता बघायला आल्या. तीस वर्षं नोकरी, पण त्याही उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच बोलल्या. कागदावर पदं पाहिली, भरलेली तेवीस. म्हणाल्या, हत्तरगे साहेब, तुमच्या कागदात सिस्टरा लई हायत, थोड्या वॉर्डात पाठवा की. मी म्हणालो, ती पदं सरांनी दिली तशी लिहिली. त्या हसल्या, पण डोळ्यांनी नाही.

ज्ञानू म्हणते, रविवारी बायकांच्या वॉर्डात तिची पाळी आठला संपली आणि ती अकरापर्यंत उभी होती, कारण ओव्हर घ्यायला कुणी आलं नाही. ओव्हर म्हणजे पाळी सोपवणं. खाट क्रमांकानं प्रत्येक पेशंटचं सांगायचं, रिपोर्ट बुकात लिहायचं, खाली देणारीची सही आणि शेजारी घेणारीची. घेणारीची सही झाल्याशिवाय देणारीनं वॉर्ड सोडायचा नाही. मला हा नियम फार आवडला. टाइम ऑफिसातही असाच हवा होता. ज्ञानूला म्हणालो, नियम आहे तर थांबायचंच. ती माझ्याकडं बघत राहिली.

दोनची मुलगी आजही आली. कालही आली होती.

सो. बं. हत्तरगे, सायं. ७.३०

८ नोव्हेंबर, शनिवार

सरांनी ठरवलं की तपासणीच्या दिवशी वॉर्ड तीन चालू दाखवायचा. गठ्ठे हलवायचे, वर्गातल्या मुलींच्या नातेवाइकांना खाटांवर निजवायचं. मला हे पटलं नाही, पण ड्यूटी लिस्ट करायचं काम माझ्याकडं आलं आणि ते मी मनापासून केलं. तीन शाई, एकही खाडाखोड नाही. २० तारीख, वॉर्ड तीन, दुपारची पाळी २ ते ८: कु. ज्ञानेश्वरी सोमलिंग हत्तरगे. तपासणीचे साहेब याच पाळीला येणार. माझ्या मुलीला त्यांनी बघावं. सर म्हणाले, इतकी चोख लिस्ट या दवाखान्यात कधी झाली नव्हती. तिथल्या तिथं सही करून कौन्सिलला रवाना केली.

दोनला ती मुलगी आली तेव्हा आज मी तिला हटकलं. इथं पेशंट नाहीत, रोज कशाला येतेस, वर्गात जा, असं जरा कडकच बोललो. ती घाबरली नाही. फार दमलेला चेहरा.

"ओव्हर कुणी घेतलं न्हाय, काका," ती म्हणाली. "जाता येत न्हाय."

कुठल्या वॉर्डाचं विचारलं. तिनं माझ्या टेबलाच्या खणाकडं बघितलं. एवढ्यात फोन वाजला आणि नंतर ती दिसली नाही.

सो. बं. हत्तरगे, सायं. ६.४०

११ नोव्हेंबर, मंगळवार

तीन दिवस २०२१ चा ताळा बसत नव्हता. आलेल्या चाळीस. पास एकवीस. नाव काढल्याचे अर्ज अठरा. एक मुलगी कमी. पासच्या यादीत नाही, अर्जही नाही. हजेरीपटावर शेवटचा शेरा लाल शाईत: विनापरवाना गैरहजर. नाव अयोध्या. माझ्या तक्त्यात एक माणूस कमी पडणं मला झोपू देत नाही.

आज खण उघडला. ओल धरून तो घट्ट बसला होता, पट्टीनं उचकटावा लागला. आत वॉर्ड तीनचं रिपोर्ट बुक. शेवटचं लिहिलेलं पान २७ ऑक्टोबर २०२२, दुपारी २.००. वीस खाटांचा रिपोर्ट, सुरुवातीला नीट अक्षरात, पुढं पुढं तिरकं होत गेलेलं. खाट ७, गंगम्मा, दर दोन तासांनी कूस बदलणे. खाट १२, ड्रेसिंग ओलं. खाट १९, रात्रीपासून पाणी मागते, थेंबाथेंबानं देणे. खाली ओव्हर देणार: अयोध्या. शेजारी ओव्हर घेणार, आणि तो रकाना मोकळा.

तीन वर्षं मोकळा. तपासणीला हे बुक मागितलं असतं तर? मी घड्याळ पाहिलं, दोनला एक मिनिट होतं. ती मुलगी दारात उभी होती. आज पहिल्यांदाच आत आली, टेबलापर्यंत. तिनं नाव सांगायच्या आधीच मला कळलं असावं, पण त्या क्षणी माझं लक्ष रकान्यावर होतं, हे मी खरं तेच लिहितो. मी माझं फाउंटन पेन काढलं आणि ओव्हर घेणार याखाली सुवाच्य सही केली. सो. बं. हत्तरगे, ११/११/२०२५, २.००.

तिनं वाकून सही वाचली. मग दोन्ही हात जोडले, आणि पायातल्या चपलांचा आवाज करत व्हरांड्यातून निघून गेली. इतके दिवस तिच्या चपलांचा आवाज कधी आला नव्हता.

ताळा बसला.

सो. बं. हत्तरगे, सायं. ७.०५

१२ नोव्हेंबर, बुधवार

दोनला ती आली नाही. तीनला मी बुक घेऊन खैरुनबी सिस्टरकडं गेलो. सही बघून त्या खुर्चीत बसल्या. मग उठून दार लावून घेतलं.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं. २०२२ च्या दिवाळीत वॉर्ड तीन भाजलेल्या माणसांनी भरला होता, वीसच्या वीस खाटा. त्याच आठवड्यात चार सिस्टर जास्त पगारावर पुण्याला गेल्या. अयोध्या तेव्हा दुसऱ्या वर्षाला. तिला २५ तारखेला सकाळी आठला एकटीला तिथं उभं केलं. दोनला कुणी आलं नाही. तिनं फोन केला, खैरुनबी म्हणाल्या, थांब, पाठवते. पाठवायला कुणी नव्हतंच. पाच वेळा फोन आला, पाच वेळा त्या पाठवते म्हणाल्या. सहाव्यांदा त्यांनी उचलला नाही. तिला स्वतःला ताप होता. २७ ला दुपारी सिदू जेवणाची गाडी घेऊन गेला तेव्हा ती टेबलावर डोकं ठेवून होती. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेताना वाटेत गेली. संस्थेनं गैरहजर लिहिलं. पेशंट दुसरीकडं हलवले. त्यातले सात वाचले नाहीत.

मी हिशोब केला. चोपन्न तास.

मी म्हणालो, पण मी सिस्टर नाही, माझ्या सहीला काय अर्थ. तेव्हा त्या म्हणाल्या, "बुक सर्टिफिकेट विचारत न्हाय, साहेब. या दवाखान्यात आमी पैल्या वर्षाच्या पोरींना ओव्हर दिलंय, झाडूवाल्या मावशीला दिलंय. ज्यानं सही केली, त्याचा वॉर्ड."

म्हाताऱ्या बाईचं मन आहे. मी नमस्कार करून निघालो.

सो. बं. हत्तरगे, सायं. ६.३०

१३ नोव्हेंबर, गुरुवार

साडेबाराला जेवायला उठलो. उंबऱ्याशी पोचलो आणि मागं आवाज आला. लोखंडावर स्टील. टण, टण, टण. थांबलो, आवाज थांबला. पाय बाहेर टाकला, पुन्हा. उंदीर असेल म्हणून गठ्ठे हलवून बघितले. वीस खाटांपैकी सात नंबरच्या दांडीला हात लावला तर ती गरम. बाजूच्या थंड.

काय वाटलं सांगता येत नाही, पण तिथल्या गठ्ठ्याची मी कूस बदलली. डावीकडचे कागद उजवीकडं केले. आवाज बंद झाला. मग जेवलो.

अडीच तासांनी पुन्हा उठलो. पुन्हा सात नंबर. दर दोन तासांनी असं लिहिलं होतं ना.

सो. बं. हत्तरगे, सायं. ७.००

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पाट्यांवरचे ताप-नाडीचे तक्ते आज पाहिले. ते २७ ऑक्टोबर २०२२ ला दोन वाजता थांबलेले होते. मी चार तारखेला पाहिलं होतं, माझी नजर चुकत नाही. आता त्यांखाली पुढं नोंदी आहेत. ११ नोव्हेंबर दुपारी दोनपासून, दर चार तासांनी, वीसही खाटांच्या. ताप, नाडी, श्वास. रात्री दोनच्या आहेत, पहाटे सहाच्या आहेत. त्या वेळी मी माझ्या खोलीत झोपलो होतो, दाराला आतून कडी होती.

अक्षर माझं आहे. माझ्या सातचं पोट मी आडव्या रेघेनं कापतो. इथं तसं करणारा दुसरा नाही.

सकाळपासून बोटांना स्पिरिटचा वास येतोय. साबण लावला. येतोच.

सो. बं. हत्तरगे, सायं. ६.१५

१५ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस गावी जाऊन यावं, पार्वतम्माला भेटावं, असं ठरवून सकाळी धाराशिवची एसटी धरली. खिडकीची जागा. येडशीच्या फाट्यापर्यंत बरं होतं. मग पुढच्या सीटच्या दांडीवर टण, टण. पुढं कुणी बसलेलं नव्हतं. मग मागच्या दांडीवर. मग सगळ्या दांड्यांवर, पुढून मागं, दोन्ही ओळींनी, आणि शेजारची बाई शांतपणे शेंगा सोलत होती. तिला ऐकू येत नव्हतं.

मी उतरलो. उन्हातून चालत परत आलो. वॉर्डात शिरलो तर खाट १९ वरचे कागद कोरडे ठणठणीत, कडा कुरकुरीत होऊन तुटत होत्या. मी गिलासात पाणी आणलं आणि थेंब थेंब सोडलं. कागदांनी ते प्यायलं. मी बघत होतो.

उद्यापासून इथंच निजेन.

सो. बं. हत्तरगे, वेळ पाहिली नाही

१६ नोव्हेंबर, रविवार

खैरुनबी चहा घेऊन आल्या. उंबऱ्यावर कप ठेवला, आत आल्या नाहीत. मी विचारलं, सुटका कशी. त्या म्हणाल्या, ती सुटली तशीच. कुणीतरी तुमच्याकडनं ओव्हर घ्यायचं. दुसरी वाट न्हाय. मी म्हणालो, तुम्ही घ्या, तीन वर्षांपूर्वी तुम्हीच पाठवणार होतात. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि गेल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

मग मला लिस्ट आठवली.

२० तारीख. वॉर्ड तीन. दुपारी दोन. ओव्हर घ्यायला ज्ञानू येणार आहे. मीच लिहिलंय. तीन शाईंत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सरांकडं निरोप पाठवला, लिस्ट बदला. उत्तर आलं, कौन्सिलला गेलेली लिस्ट बदलत नसते, आणि इतकी चोख लिस्ट बदलायची कशाला.

मग एक पाप केलं. रिपोर्ट बुकात नवा रिपोर्ट लिहिला, ओव्हर देणार म्हणून माझी सही केली आणि बुक सिदूकरवी सरांच्या सहीला पाठवलं. ते न वाचता सही करतात, हे ठाऊक होतं. बुक परत आलं. सही होती. पण रकाना सोडून, खाली कडेला, नेहमीसारखी: पाहिले.

सहानंतर बुक बँडेज जाळायच्या खड्ड्यात टाकलं. एकोणीस वर्षांत मी एक चिठ्ठी फाडली नव्हती. पानं उलटत उलटत जळाली. पुरी राख होईपर्यंत उभा राहिलो — गिलास वाजत होते, वीसही — उभा राहिलो.

बुक नाही तर सही नाही.

सो. बं. हत्तरगे

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कालच्या नोंदीखाली, माझ्या सहीच्या शेजारी, एक उभी रेघ आहे. रेघेपलीकडं मोकळी जागा. वर लिहिलंय, ओव्हर घेणार.

मागची पानं उलटली. प्रत्येक सहीशेजारी. तीन तारखेपासून. मी या रेघा मारलेल्या नाहीत. पण पट्टी माझी, शाई माझी, शेवटाला रेघ किंचित उचलतो ती सवयही माझी.

वही फाडली तर दुसरी येईल. भिंत असली तर भिंतीवर येईल. खाट ४, सलाइन संपत आलं. जाऊन येतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ज्ञानूला बोलावलं. दारातच थांबवलं. ती माझ्याकडं बघून रडायला लागली, आप्पा तुम्ही जेवताव का न्हाय म्हणाली. मी म्हणालो, तुला जायचं होतं ना, जा. आज. आत्ता.

माझ्या हातानं तिचा अर्ज लिहिला. नाव कमी करण्याबाबत. २०२१ चे अठरा अर्ज मी फाइलला लावले, ज्ञानूच्या वर्षाचे अकरा, हा बारावा. कारण या रकान्यात लिहिलं, शिक्षणात रस नाही. खोटं आहे. चालेल.

सिदूला सांगितलं, हिला संध्याकाळच्या गाडीत बसव, गाडी हलल्याशिवाय मागं फिरू नको. तिनं विचारलं, तुमी का येत न्हाय. सांगितलं सगळं — सही, चोपन्न तास, कागद पाणी पितात ते. तिनं ऐकून घेतलं. डॉक्टरला दाखवू म्हणाली. मग लांबूनच वीस खाटांवर नजर फिरवली, सात नंबरवर थांबली — गठ्ठा डावीकडं कलला होता — आणि म्हणाली, हिची कूस बदलायची राहिलीय, आप्पा.

तिला दिसलं.

जा म्हणालो. ओरडलो तिच्यावर. गेली.

सिदू आठला आला. गाडी गेली म्हणाला. डोळ्यांत बघून सांग म्हणालो. व्हय म्हणाला. डोळ्यांत बघितलं नाही.

२० नोव्हेंबर

सकाळपासून नातेवाईक आणून खाटांवर निजवलेत. एक-एक करून उठून गेले. अंथरूण गरम लागतं म्हणे. तपासणीचे साहेब दुपारऐवजी अकरालाच आले, दारातून वीस खाटा मोजल्या, माझी लिस्ट पाहिली. समाधानकारक असं लिहिलं. गेले.

१.३०. ज्ञानू गावी पोचली असेल. पार्वतम्मानं भाकरी थापली असेल.

१.५०. गिलास. सगळे.

१.५८. व्हरांड्यात चपलांचा आवाज —

तीच. गणवेश घातलाय. केस घट्ट बांधलेत. गेलीच नव्हती. सिदूच्या पाया पडली असणार.

म्हणाली, "लिस्टीत माझं नाव हाय, आप्पा. तुमीच शिकवलंय, अर्धं सोडायचं न्हाय. द्या ओव्हर. लई दमलाव तुमी."

मी बोलत नाही. लिहितोय. लिहून होईपर्यंत घेणारी सही करत नाही, नियम आहे. नियम तिला पाठ आहे. म्हणून लिहितोय. खाट १, ताप १०१, नाडी ९६. खाट २, झोप नाही. खाट ३, ड्रेसिंग सकाळी. खाट ४, सलाइन बदललं. हळूहळू लिहितो. खाट ५ —

ती थांबलीय. शहाण्या मुलीसारखी, हात मागं बांधून.

खाट ७, गंगम्मा, कूस बदलली १.४०. खाट ८. खाट ९, आई आली होती का विचारते. खाट १२, ओलं आहे, ओलंच राहतं. खाट १९, पाणी. थेंबाथेंबानं. खाट २० —

पुन्हा खाट १ पासून. खाट १, ताप १०१ — खाट २ —

२.२५. शाई फिकी होतेय. दौत चाळीत आहे. ती म्हणते, संपलं का आप्पा. मी मान हलवत नाही. खाट ६ — खाट ७ —

अक्षरं पुसट. पेन झटकलं. तिनं खिशातनं तिचं काढलं, निळं, झाकण उघडलं, मला द्यायला पुढं केलं — न्हाय, मला न्हाय — वहीकडं. रेघेपलीकडं बघतीय. मोकळ्या जागेकडं. माझीच पोर आहे, तिलाही जमत नाही —

ज्ञानू, राहू दे. ऐक. माझं आजवरचं सगळं विसर, एवढं एक ऐक. तो रकाना मोकळा ठेव, बाळ. मोकळा ठे